सलाईनच्या बाटल्या मोजता, मग लघवीची पिशवीही मोजा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांमध्ये एका मुलाचं पत्र आलंय, वडील सेप्सिसने, म्हणजे इन्फेक्शनमुळे अवयव बिघडून, आयसीयूत होते, पहिल्या दिवशी भराभर सलाईन लावलं, नंतर डॉक्टरांनी जवळजवळ बंदच केलं, मग लघवी कमी झाली आणि शेवटी डायलिसिस, म्हणजे पाणी तोडलं म्हणून किडन्या गेल्या असा त्याचा सरळ हिशोब. त्या मुलाला मी काही बोलणार नाहीये, बाप गेलेल्या माणसाशी वाद घालायचा नसतो आणि त्या केसबद्दलही मी बोलत नाहीये. पण ते पत्र आता आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर फिरतंय, खाली लोक लिहितायत की आयसीयूत सलाईन कमी केलं की लगेच भांडा, म्हणून हे लिहायला बसले. मी मुंबईतल्या एका म्युनिसिपल हॉस्पिटलातून सिस्टर-इन-चार्ज म्हणून रिटायर झाले, नोकरीचा बराचसा काळ आयसीयूतच गेला, आता नर्सिंगच्या मुलींना शिकवते.

मला सांगायचंय ते एवढंच की सेप्सिसमध्ये लघवी कमी झाली म्हणजे दरवेळी पाणीच कमी पडलं असं नसतं, कधीकधी पाणी जास्त झाल्यानेच किडनी आणखी अडकते. सलाईनलाही डोस असतो, सुरू करायची वेळ असते आणि थांबवायचीही वेळ असते, आणि हा हिशोब डॉक्टर-सिस्टर रोज लिहितात पण नातेवाईकाला कोणी सांगत नाही, सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात.

आपल्याकडे सलाईनवर श्रद्धा का आहे ते मला कळतं. शिरेतून मिठाचं पाणी द्यायची सुरुवातच मुळी कॉलऱ्यातून झाली. १८३१ च्या सुमारास ओशॉघ्नेसी नावाच्या तरुण डॉक्टरने कॉलऱ्याच्या पेशंटचं रक्त तपासून सांगितलं की यातलं पाणी आणि क्षार निघून गेलेत, ते परत द्या, आणि १८३२ मध्ये स्कॉटलंडमध्ये थॉमस लाटा नावाच्या डॉक्टरने ते खरंच शिरेतून देऊन दाखवलं. (हाच ओशॉघ्नेसी पुढे कलकत्त्याला आला आणि भारतात तारायंत्राच्या लाईनी टाकल्या, माणूस कुठून कुठे जातो बघा.) कॉलऱ्यात, जुलाबात पाणी खरोखर शरीराबाहेर गेलेलं असतं, बाटली चढवली की सुकलेला माणूस डोळ्यांदेखत उठून बसतो. आपल्या आजी-आजोबांनी हे पाहिलंय, त्यामुळे बाटली म्हणजे जीव हे डोक्यात पक्कं बसलंय आणि गल्लीतल्या डॉक्टरकडेही अंगात कणकण आली की "जरा सलाईन लावा ना" म्हणून लोक आडवे होतात.

सेप्सिसचं गणित वेगळं आहे. इन्फेक्शन लघवीचं असो, न्यूमोनिया असो, पोटातलं असो नाहीतर डायबेटिसच्या पायाची जखम असो, त्याला तोंड देताना शरीराचाच तोल जातो आणि स्वतःचेच अवयव बिघडायला लागतात, त्याला सेप्सिस म्हणतात. रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी उतरतं, वाहिन्यांच्या भिंती झिरपायला लागतात. पाणी शरीरातच असतं पण वाहिनीत थांबत नाही, बाहेर पेशींच्या मधल्या जागेत जाऊन बसतं. धडधाकट माणसालासुद्धा लिटरभर सलाईन दिलं तर थोड्याच वेळात त्यातलं बरंचसं वाहिन्यांच्या बाहेर गेलेलं असतं, सेप्सिसमध्ये तर त्याहून कमी आत उरतं. बाहेर गेलेलं कुठे जातं? चेहरा सुजतो, हात टम्म होतात, पाय दाबला की खड्डा पडतो, फुप्फुसात पाणी येतं आणि ऑक्सिजन उतरायला लागतो. नातेवाईक भेटायला आले की "अंगावर सूज आलीय, किडनी गेली वाटतं" म्हणतात, पण त्या सुजेतली बरीचशी आपणच चढवलेली असते.

आणि किडनीचं काय होतं? किडन्या दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून सगळं परत घेतात, हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा किंवा थोडा जास्तच त्यांच्याकडे जातो. आम्हाला पूर्वी शिकवलं होतं की सेप्सिसमध्ये किडनीला रक्त कमी मिळतं म्हणून ती बंद पडते, म्हणून अजून पाणी द्या. नंतर ऑस्ट्रेलियात मेंढ्यांवर प्रयोग झाले त्यात दिसलं की किडनीकडे जाणारं रक्त चांगलं वाढलेलं असतानाही लघवी कमी होते आणि क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो रक्तातला कचरा, किडनी बिघडली की वाढतो) वाढतं. म्हणजे गोंधळ आतल्या बारीक वाहिन्यांमध्ये आणि पेशींमध्ये असतो, तिथे नुसतं पाणी ओतून काय होणार. वर आणखी एक, किडनीभोवती घट्ट आवरण असतं, आत सूज आली तर तिला फुगायला जागा नाही. आणि शिरांमधला दाब वाढला की किडनीतून रक्त बाहेर निघायलाच अडचण होते. परळ-दादरवाल्यांना हे चटकन कळेल, भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला की हिंदमाताला पाणी का तुंबायचं (आता टाक्या बांधल्यात ते सोडा), कारण पुढे समुद्रच वर आलेला असतो, नाला कितीही साफ असला तरी पाणी जाणार कुठे, तिथे वरून आणखी टँकर ओतून काही उपयोग आहे का.

म्हणजे सलाईन देऊच नका असं मी म्हणत नाहीये, कृपा करून असा अर्थ काढू नका. पहिले काही तास सलाईन लागतंच. बीपी पडलंय, रक्तातलं लॅक्टेट (पेशी संकटात असल्याची खूण) वाढलंय अशा पेशंटला पहिल्या ३ तासांत वजनाच्या किलोमागे साधारण ३० मिली द्यावं अशी आंतरराष्ट्रीय गाईडलाईन आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८०० मिली, अर्ध्या लिटरच्या साडेतीन-चार बाटल्या. अर्थात २०२१ च्या गाईडलाईनमध्ये या आकड्याचा जोर कमी केलाय, आधी "द्याच" होतं आता "द्यावं असं सुचवतो" झालंय. त्याच्यासोबत कल्चर (कुठला जंतू आहे ते शोधायची तपासणी) पाठवणं आणि अँटिबायोटिक लवकर सुरू करणं, शॉकमध्ये, म्हणजे बीपी फारच उतरलेलं, असेल तर तासाभरात, आणि खरं सांगायचं तर जीव वाचवायला बाटलीपेक्षा अँटिबायोटिकची वेळ आणि पू कुठे साठलाय तो शोधून काढणं हेच जास्त महत्त्वाचं. पण आजवर एकाही नातेवाईकाने मला विचारलेलं नाही की सिस्टर, अँटिबायोटिकचा पहिला डोस किती वाजता गेला, सगळे विचारतात बाटली संपली की काय.

त्या पहिल्या टप्प्यानंतर बीपी धरत नसेल तर नॉरअॅड्रेनलिन लावतात, पंपावर, वाहिन्या आवळायला, आणि सरासरी दाब (वरचा-खालचा मिळून काढलेला) ६५ च्या आसपास ठेवायला बघतात. इथे घरच्यांचं एक काम आहे. फ्रान्समध्ये २०१४ साली अभ्यास झाला, दाब नेहमीचा ठेवायचा की वर ८०-८५ ठेवायचा, तर मृत्यूंमध्ये फरक पडला नाही, पण ज्यांना आधीपासून बीपीचा त्रास होता त्यांच्यात वरच्या दाबाला डायलिसिस कमी लागलं. म्हणून बाबांना किती वर्षांपासून बीपी आहे, कुठली गोळी चालू होती, घरचं बीपी किती असायचं हे अॅडमिशनच्या वेळीच सांगा, गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन या, ते सोडून लोक शहाळं घेऊन येतात.

आता कमी पाणी दिल्याने किडनी जाते का, या मूळ प्रश्नावर. हा प्रश्न डॉक्टरांनाही पडलेला म्हणून त्यांनी मोठे अभ्यास केले. २००१ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉईटच्या एका अभ्यासाने सगळ्या जगाला पहिल्या सहा तासांत जोरात उपचार करायला शिकवलं, चांगलंच होतं ते, पण पुढे त्याचं "जेवढं जास्त पाणी तेवढं बरं" असं होऊन बसलं. २०११ मध्ये युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या ३,१४१ आजारी मुलांवरचा अभ्यास आला आणि सगळे हादरले, जोरात बोलस (थोड्या वेळात एकदम भरपूर पाणी) दिलेल्या मुलांमध्ये ४८ तासांत साडेदहा टक्क्यांच्या आसपास मुलं गेली आणि बोलस न दिलेल्यांमध्ये ७.३ टक्के. तिथे व्हेंटिलेटर नव्हते, मलेरिया खूप होता, म्हणून ते जसंच्या तसं मुंबईच्या आयसीयूला लावता येत नाही, मान्य, पण पाण्याने नुकसान होऊ शकतं हे तिथे पहिल्यांदा इतकं स्पष्ट दिसलं. मग २०२२ मध्ये युरोपात आणि २०२३ मध्ये अमेरिकेत मोठ्या माणसांवर, दोन्हीकडे दीड हजाराच्या वर पेशंट, एका गटाला सुरुवातीच्या बाटल्यांनंतर हात आखडून पाणी आणि दुसऱ्याला नेहमीसारखं मोकळ्या हाताने. युरोपात ९० दिवसांतले मृत्यू ४२.३ आणि ४२.१ टक्के, अमेरिकेत १४.० आणि १४.९ टक्के, म्हणजे काहीच फरक नाही, आणि किडनीच्या बाबतीतही ठळक फरक दिसला नाही. म्हणून नीट बघून, बीपी सांभाळून तिसऱ्या दिवशी सलाईन आवरतं घेणारा डॉक्टर पाणी तोडत नसतो. तसंच सगळ्यांचंच पाणी कमी करा असंही यातून निघत नाही, माणूस बघून ठरवावं लागतं, हेच काय ते निघतं.

बाटलीत काय आहे हेही बघा. साधं सलाईन म्हणजे ०.९ टक्के मिठाचं पाणी, लिटरला ९ ग्रॅम मीठ, अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम. माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे घरी ज्या आजोबांना आपण पापड-लोणचं खाऊ देत नाही त्यांना सहा बाटल्यांतून २७ ग्रॅम मीठ शिरेतून जातं, आणि वर नातेवाईक सातवी मागतात. शिवाय त्यात क्लोराईड (मिठातलाच एक भाग) लिटरला १५४ मिलिमोल आणि आपल्या रक्तात साधारण १००, जास्त झालं की रक्तात अॅसिड वाढतं आणि किडनीच्या वाहिन्याही आवळतात असं मानतात. आरएल (रिंगर लॅक्टेट, दुसऱ्या प्रकारचं सलाईन) रक्ताच्या जास्त जवळचं, त्यात क्लोराईड १०९ च्या आसपास. अमेरिकेत २०१८ च्या एका अभ्यासात, पंधरा हजारांवर आयसीयू पेशंट होते, मृत्यू, नवीन डायलिसिस किंवा किडनीचं टिकून राहिलेलं नुकसान हे सगळं मिळून आरएलसारख्या पाण्यावर १४.३ टक्के आणि सलाईनवर १५.४ टक्के. पुढे ब्राझील आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या अभ्यासांत फरक दिसला नाही, म्हणजे फायदा असला तर थोडासा आहे, आणि डोक्याला मार लागलेल्या पेशंटला सलाईनच बरं. पण "आरएलमध्ये पोटॅशियम असतं, किडनीच्या पेशंटला चालत नाही" हे जे अजूनही वॉर्डात ऐकू येतं ते सोडायला हवं, लिटरमध्ये पोटॅशियम ४, आपल्या रक्तात असतं तेवढंच, उलट भरपूर सलाईनने अॅसिड वाढून पोटॅशियम वर जातं.

याहून महागड्या बाटल्यांचीही एक गोष्ट आहे. मध्यंतरी स्टार्चच्या बाटल्यांची फार चलती होती, वाहिनीत जास्त वेळ टिकतात म्हणून, आम्ही स्वतः लावल्यात. २०१२ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या सेप्सिसच्या पेशंटमध्ये स्टार्चवाल्यांत ९० दिवसांत ५१ टक्के मृत्यू आणि साध्या पाण्यावर ४३, डायलिसिस २२ टक्क्यांना आणि दुसरीकडे १६. म्हणजे किडनी वाचवायला दिलेली बाटलीच किडनीला नडली. युरोपने २०२२ मध्ये त्यांची विक्रीच थांबवायचा निर्णय घेतला. आणि अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातल्या प्रोटीनची बाटली, ज्याच्यासाठी रात्री-बेरात्री पोरं मेडिकल स्टोअर्स पालथी घालतात, दागिने गहाण पडतात, ते २००४ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या ७ हजारांच्या आसपास पेशंटमध्ये सलाईनइतकंच ठरलं, ना कमी ना जास्त. काही पेशंटला ते खरंच लागतं, डॉक्टरांनी कारण सांगितलं तर आणा, पण प्रोटीन चढवलं म्हणजे ताकद येते हा समज काढून टाका. आमच्या उमेदीत "रीनल डोस डोपामिन" म्हणून थोडं डोपामिन लावायची पद्धत होती, किडनी जागी राहते म्हणायचे, २००० साली अभ्यासात सिद्ध झालं की काही जागी राहत नाही. लॅसिक्स या लघवी वाढवायच्या औषधाचंही तेच. लघवी वाढते, पिशवी भरते, सगळ्यांना हायसं वाटतं, पण त्याने किडनी बरी होत नसते, जास्तीचं पाणी काढायला ते कामाचं, तेवढंच.

आमच्या शेजारच्या मुलाने मला एकदा आयसीयूच्या बाहेरून फोन केला, आई आत, लघवीच्या इन्फेक्शनचं सेप्सिस. "काकू, काल सहा बाटल्या लावल्या, आज सकाळपासून एकच, आणि लघवी तर कमीच आहे, मी जाऊन बोलू का त्यांच्याशी?" मी म्हटलं बोल जरूर, पण आरडाओरडा करू नकोस, हे विचार: आईचं अॅडमिशनच्या दिवसाचं वजन किती आणि आजचं किती, काल किती गेलं किती आलं, बीपीचं औषध वाढतंय की उतरतंय, ऑक्सिजन किती लागतोय. तो आत गेला, रेसिडेंट डॉक्टर मुलगी होती, दमलेली, पण प्रश्न ऐकून तिने चार्टच उघडून दाखवला. दोन दिवसांत साडेपाच लिटर पॉझिटिव्ह. म्हणजे एवढं आत गेलं आणि बाहेर आलंच नाही. नॉरअॅड्रेनलिन उतरत होतं, ऑक्सिजन मात्र वाढवावा लागत होता. त्या मुलाला कोणी काही समजवावं लागलं नाही, आकडे बघूनच गप्प झाला. आई पुढे घरी आली, पण समजा नसती आली तरी तो मुलगा डॉक्टरच्या अंगावर धावून गेला नसता, एवढं मला खात्रीने वाटतं.

आणि क्रिएटिनिनवर फार जीव टाकू नका. ते उशिरा वाढतं, किडनीला मार बसल्यावर दिवस-दीड दिवसानेही, आणि अंगात पाणी जास्त साचलेलं असेल तर पातळ होऊन मुळात आहे त्यापेक्षा कमी दिसतं. तासाची लघवी त्यामानाने लवकर बोलते, किलोमागे तासाला अर्ध्या मिलीपेक्षा कमी आणि तेही सहा तास, म्हणजे ६० किलोच्या माणसाची तासाला ३० मिलीच्या खाली, तर किडनीला इजा झाली असं धरतात.

डायलिसिस "उशिरा केलं" ही दुसरी तक्रार. पोटॅशियम धोक्याच्या वर, अॅसिड आटोक्यात येत नाही, फुप्फुसात पाणी भरलंय आणि औषधाने निघत नाही, तर डायलिसिस ताबडतोब, त्यात थांबायचं नाही. पण हे काही नसताना नुसतं क्रिएटिनिन वाढलं म्हणून घाई केली तर? २०२० मध्ये ३ हजारांच्या आसपास पेशंटचा अभ्यास आला, घाईवाल्या गटात आणि थांबून बघणाऱ्या गटात मृत्यू सारखेच, ४४ टक्क्यांच्या जवळपास, आणि जगलेल्यांत ९० दिवसांनंतरही डायलिसिसवरच असलेले घाईवाल्या गटात जास्त निघाले. थांबून बघितलेल्या कित्येकांची किडनी आपली आपणच सुरू झाली, त्यांना मशीन लागलंच नाही.

मुंबईकरांना हे जास्त कळायला हवं कारण आपला पावसाळा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला आणि त्यानंतर लेप्टोने (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या घाण पाण्यातून होणारं इन्फेक्शन) वॉर्ड भरले होते, ते ज्यांनी पाहिलंय ते विसरणार नाहीत. लेप्टोत किडनी बिघडते पण बऱ्याच पेशंटला लघवी चांगली होत राहते आणि पोटॅशियम कमी होतं, तिथे पाणी आणि पोटॅशियम दोन्ही द्यावं लागतं. डेंग्यूत तर वेळेचाच खेळ, ताप उतरताना वाहिन्या झिरपतात तेव्हा तासातासाला मोजून पाणी, आणि दोन दिवसांनी तेच पाणी उलट वाहिन्यांत परत येतं, तेव्हाही बाटल्या चालूच ठेवल्या तर पेशंट धापा टाकायला लागतो. बाजूबाजूच्या दोन कॉटवर दोन पेशंट, दोघांना ताप, दोघांची किडनी बिघडलेली आणि एकाला बाटली चालू दुसऱ्याची बंद, यात भेदभाव नसतो. पावसात गुडघाभर पाण्यातून चालून आलात तर लेप्टो होऊ नये म्हणून ७२ तासांच्या आत डॉक्टरला विचारून डॉक्सिसायक्लिन घ्या, पालिका दरवर्षी सांगते, पेपरवालेही छापतात, पण आतल्या पानावर.

तर संपादक साहेब, माझी मागणी हॉस्पिटलांकडे आहे आणि तुमच्याकडेही. प्रत्येक आयसीयूने नातेवाईकाला रोज एक चिठ्ठी द्यावी, मराठीत, सोप्या अक्षरात: काल शरीरात किती गेलं, किती बाहेर आलं, अॅडमिशनपासून एकूण किती साचलंय, बीपीचं औषध वर की खाली, आज सलाईन वाढवायचं की कमी करायचं आणि का. चार्टमध्ये हे सगळं सिस्टरने आधीच लिहिलेलं असतं, ते उतरवून द्यायला पाच मिनिटं लागतात. स्टाफ कमी आहे हे मला कोणी सांगायची गरज नाही, एका सिस्टरकडे किती पेशंट असतात ते मी भोगलंय, पण भांडण मिटवायला, सिक्युरिटीला बोलवायला, पोलिसांसमोर जबाब द्यायला यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो. तुम्ही एवढं करा की "सलाईन बंद केल्याने मृत्यू" असा मथळा द्यायच्या आधी बातमीदाराला एक प्रश्न विचारायला सांगा, पेशंट किती लिटर पॉझिटिव्ह होता.

आणि जे पेशंट बरे होऊन घरी जातात त्यांच्यासाठी, कारण त्यांच्याकडे मग कोणाचंच लक्ष नसतं. डिस्चार्जच्या वेळी क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणजे सुटलो असं धरू नका. तीन महिन्यांनी परत क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासा, डॉक्टरांना दाखवा. तोपर्यंत आणि पुढेही कंबर दुखली, गुडघा दुखला म्हणून मेडिकलवरून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन मनाने आणून घेऊ नका, गावच्या वैद्याची भस्मंही नकोत. आणि डिस्चार्ज कार्ड लॅमिनेट करून कपाटात ठेवण्यापेक्षा कुठल्याही नवीन डॉक्टरकडे जाताना सोबत न्या, सेप्सिसमध्ये किडनीला इजा झाली होती हे त्याच्यावर लिहिलेलं असायला हवं, नसेल तर डिस्चार्जच्या दिवशीच लिहून मागा.

आपली,
एक निवृत्त सिस्टर-इन-चार्ज, परळ, मुंबई
(नाव छापू नये ही विनंती)